आतडं ब्लॉक झालंय, स्टेंट की डायरेक्ट ऑपरेशन?

खानापूरवाला: मामा ६४ वर्षांचे. रविवारपासून संडास नाही, गॅसपण पास होईना, पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि काल रात्री उलट्या सुरू झाल्या म्हणून बेळगावला आणून ॲडमिट केलंय. सीटी स्कॅनमध्ये डावीकडं सिग्मॉइडला (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग) गाठ, डॉक्टर कॅन्सरच वाटतोय म्हणतात. नाकातनं नळी घातलीय, सलाईन चालू. एक तर ऑपरेशन करून पोटावर संडासची पिशवी नाहीतर आधी स्टेंट असं सांगायलेत. पिशवीचं नाव काढलं की मामी रडायल्यात, आणि गावाकडनं फोन यायलेत एरंडेल द्या म्हणून. कोणाला अनुभव?

वॉर्डातली ताई: एरंडेल अजिबात नको!! पुढं वाटच नाही, जुलाबाचं काहीही दिलं तर आतडं जोर लावतंय आणि फुटू शकतंय. उजवीकडं सीकम म्हणून भाग असतो, भिंत पातळ, फुटलं तर बहुतेक तिथंच. ते किती फुगलंय विचारा, १२ सेंटिमीटरच्या आसपास गेलं की थांबण्यात अर्थ नाही. ताप आला, पोट दगड झालं, दुखणं सलग झालं तर स्टेंटचा विषयच संपला, सरळ ओटी.

निपाणीचा दादा: स्टेंट म्हणजे तारेची जाळी, दुर्बिणीतनं गाठीत घालतात, ती हळूहळू उघडते आणि वाट होते. मग साधारण दोन आठवड्यांनी पेशंट सावरला की ठरवून ऑपरेशन, तेव्हा आतडं लगेच जोडता येण्याचा चान्स जास्त. पण जाळीनं आतडं फाटायचीही भीती असते, त्यामुळं रोज हे काम करणारा डॉक्टर असेल तरच. आमच्या वडलांना स्टेंट जमला नाही, हार्टमन ऑपरेशन करून गाठ काढली आणि पिशवी बसवली, केमो संपल्यावर परत जोडलं. पिशवीला काय घाबरायचं, फक्त भोक मापात कापायला शिका, मोठं झालं की कडेची कातडी सोलवटते मग बाबा बोंब मारायचे. मामींना पिशवी लावलेला एखादा पेशंट दाखवा, डॉक्टरांच्या लेक्चरपेक्षा ते बरं. आणि सगळ्यांचीच पिशवी निघते असं नाही हेही आत्ताच विचारून ठेवा.

सीमावासी: पैशाचं बघितलं का? बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान आरोग्य कर्नाटकमधनं कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएल असेल तर योजनेच्या ठरलेल्या पॅकेज दराच्या ३० टक्के. इमर्जन्सी असल्यानं सरकारी दवाखान्याच्या रेफरलसाठी अडून राहू नका, योजनेच्या काउंटरवर आत्ताच बोला. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केलीय, दोन्ही सरकारांचं त्यावरनं भांडण ते वेगळं. पुढं केमोला कोल्हापूरकडं जायचं झालं तर तुमचं गाव यादीत आहे का बघा. पण आज त्यासाठी मामांना हलवू नका.

खानापूरवाला: विचारलं. सीकम ११ आहे आणि दुपारपासून ताप आलाय, डॉक्टर थांबायला तयार नाहीत, संध्याकाळी आत नेणार. मामींची सही झाली. ओ पॉझिटिव्ह रक्त सांगितलंय, बेळगावात कोण असेल तर मेसेज टाका प्लीज.