शब्दचर्चा: 'एस्केप करणे'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: लुआटेकवर (टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणि लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा यांचा मेळ) मराठीत टिपण लिहितोय. टेकच्या दस्तऐवजात लुआचा कोड घालताना बॅकस्लॅश (\) 'एस्केप' करावा लागतो. 'सुटका करणे' चालेल का?

प्रतिसाद: नको, वाचणाऱ्याला वाटेल बॅकस्लॅश काढूनच टाकायचाय. 'निष्प्रभ करणे' बघा. चिन्हाची खास ताकद काढून घ्यायची, एवढाच तर अर्थ आहे.

प्रतिसाद: एवढाच नाही ना! लुआत \" लिहिलं की अवतरणचिन्ह निष्प्रभ होतं, कबूल. पण बॅकस्लॅशपुढे एन आला की साध्या अक्षराची नवी ओळ होते. तिथे उलट ताकद मिळतेय. अ‍ॅस्कीत (अक्षर-चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेतात) 27 क्रमांकावर एस्केप आणि 92 वर बॅकस्लॅश, दोन्हींचं श्रेय बॉब बीमर यांना देतात. पुढचं नेहमीच्या अर्थाने वाचू नका, असा एस्केपचा इशारा. म्हणून 'अर्थांतर करणे' सुचवेन.

प्रश्नकर्ता: आवडलं. पण टेकची \स्ट्रिंग ही आज्ञा लावण्यालाही एस्केपच म्हणतात, तिथे काय?

प्रतिसाद: गोम तिथेच आहे. लुआचा कोड घालायची टेकमधली आज्ञा म्हणजे डायरेक्टलुआ; तिच्यामधला मजकूर आधी टेक वाचतं, आज्ञा उलगडतं आणि उरेल ते लुआला देतं. समजा, लुआतून टेक्स्टबीएफ ही (अक्षरं ठळक करणारी) आज्ञा छापायचीय. तिच्याआधी \स्ट्रिंग लावलं की टेक हात लावत नाही. पण लुआला तिथे बॅकस्लॅश-टी दिसतो, म्हणजे टॅब, आणि पानावर 'एक्स्टबीएफ' उमटतं! \स्ट्रिंगपुढे दोन बॅकस्लॅश हवेत. टेक दोन्ही तसेच पुढे सोडतं, लुआ दोनाचा एक करतं. तेव्हा शब्दही दोन ठेवा: 'टेकपासून राखणे' आणि लुआतलं 'अर्थांतर'. नुसतं 'एस्केप करा' म्हटलंत तर वाचक विचारणारच, कोणापासून?

प्रतिसाद: 'राखणे' झकास. फक्त टक्क्याचं चिन्ह त्या युक्तीने राखता येत नाही हेही लिहा. टेक तिथून पुढची ओळ टिप्पणी समजून टाकून देतं, आधी \स्ट्रिंग असो वा नसो. लुआकोड या जोड-पॅकेजचं तारांकित एन्व्हायर्नमेंट (कोड गुंडाळायची चौकट) वापरलं की राखायची भानगडच नाही.

प्रतिसाद: किंवा लुआच्या कोडची सरळ वेगळी फाइल करा. डायरेक्टलुआत ओळ संपते तिथे टेक नुसती मोकळी जागा देतं, त्यामुळे लुआची ओळ संपेपर्यंत चालणारी दोन डॅशांची टिप्पणी पुढचा सगळा कोड गिळते.

प्रश्नकर्ता: आणि लुआएस्केपस्ट्रिंग ही आज्ञा कोणत्या खात्यात?

प्रतिसाद: अर्थांतराच्या. बॅकस्लॅश आणि अवतरणं लुआला पचतील अशी ती करून देते.