गणपतीत माझी एकांकिका न विचारता केली : चोरी की हौस?

विश्रामबागवाली: गेल्या गणपतीत तासगाव तालुक्यातल्या एका मंडळानं माझी एकांकिका केली. मला कळलं आठ दिवसांनी, यूट्यूबवर. लेखिकेचं नाव कुठंच नाही. शेवटी म्हातारी एक शब्द न बोलता तांब्या उचलून आत जाते, तिथं तिच्या तोंडी 'पाणी वाचवा'चं भाषण घातलंय. फोन केला तर म्हणे, "तिकीट कुठं लावलंतं आम्ही?" ही चोरी नाही तर काय?

भडंग: चोरीबिरी काय ताई! पोरं महिनाभर शाळेच्या व्हरांड्यात तालमी करतात. तुमचं नाटक गावानं बघितलं, आनंद माना. भाव्यांनी 1843 ला सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, ते वाल्मीकींना विचारून का?

कृष्णाकाठ: रामकथा सगळ्यांचीच, भडंगराव. गोष्टीच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. पण त्यावरून ताईंनी लिहिलेले संवाद ताईंचे. त्या हयात असेपर्यंत त्यांचे, नंतर 60 वर्षं वारसांचे.

काळाकोट: मंडळाचं निम्मं बरोबर आहे, ताईंना आवडणार नाही तरी सांगतो. 1957 च्या कायद्यात कलम 52 खाली सूट आहे : हौशी मंडळानं प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोग हा भंग धरत नाहीत. पण सूट प्रयोगापुरती. तो चित्रित करून यूट्यूबवर चढवणं त्यात बसत नाही. शिवाय कलम 57 : लेखक म्हणून नाव सांगायचा हक्क, आणि लिखाणाची मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा. मोडतोडीनं तुमच्या लौकिकाला धक्का बसतो हे मात्र दाखवावं लागेल.

मिरजमार्केट: आणि वर्गणी? ते पैसे नव्हेत?

काळाकोट: वर्गणी नाटक बघायला देत नाहीत, गणपतीला देतात. वाद घालता येईल, पण मी त्यावर भिस्त ठेवणार नाही.

मिरजमार्केट: मी तर संहिता पाकिटात घालून स्वतःलाच पोस्टानं पाठवतो. पाकीट फोडायचं नाही, झाला कॉपीराइट.

काळाकोट: पाकिटानं पोस्टाचा धंदा होतो. हक्क लिहिल्या क्षणीच मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. तरी नाट्यसंहितेची नोंदणी 500 रुपयांत ऑनलाइन होते, कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडते.

भडंग: म्हणजे आता पोरांवर केस? पुढच्या वर्षी नाटक बंद, डॉल्बी चालू. बसा मग कान धरून.

विश्रामबागवाली: केस कोण करतंय? विचारलं असतं तर एक रुपया न घेता दिली असती, वर तालमीला एसटीनं आले असते.

भडंग: मग मिटलं की. त्यांतला एक पोरगा ओळखीचा आहे. व्हिडिओखाली तुमचं नाव टाकायला सांगतो.

विश्रामबागवाली: आधी ते भाषण काढायला सांगा. त्या भाषणाखाली माझं नाव नको.