कराटे खरंच भारतातून गेलं का? आणि नऊ वर्षांच्या मुलीला घालावं का?

दगडफूल:
आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कराटे क्लास सुरू होतोय. पत्रकात लिहिलंय की बोधिधर्म या भारतीय भिक्षूने ही विद्या चीनला नेली आणि तिथून ती जपानात पोचली. यात तथ्य किती? दुसरं म्हणजे, मुलगी 9 वर्षांची आहे. आठवड्यातून दोन दिवस एकेक तास. 'आत्मविश्वास वाढतो' याच्या पलीकडे नक्की काय मिळतं आणि सांभाळायचं काय, ते जाणकारांनी सांगावं.

शुरीकर:
बोधिधर्माची कथा पत्रकात शोभते, इतिहासात टिकत नाही. तो 5व्या-6व्या शतकातला मानतात. व्यायामाचा जो 'यीजिनजिंग' ग्रंथ त्याच्या नावावर खपवला जातो, तो 17व्या शतकातला. मधली हजार वर्षं कुठे गेली? चीनमधल्या शाओलिन मठाचे भिक्षू लढत असत हे 728 सालच्या शिलालेखात आहे, पण त्यांना लढायला बोधिधर्माने शिकवलं असं त्यात नाही.

कराटेचं घर ओकिनावा, म्हणजे जपानच्या दक्षिणेची बेटं. 1879 साली जपानने खालसा करेपर्यंत तिथे र्युक्यूचं स्वतंत्र राज्य होतं (1609 नंतर सात्सुमा या जपानी सरदार घराण्याच्या अंकुशाखाली, पण राजा होता). चीनच्या फुजिआन प्रांताशी त्यांचं शतकानुशतकं येणं-जाणं. स्थानिक हातघाईची 'ते' आणि फुजिआनकडचे प्रकार यांची सरमिसळ शुरी, नाहा आणि तोमारी या तीन वस्त्यांत झाली. निःशस्त्र शेतकऱ्यांनी सामुराईंशी लढायला ही कला शोधली, ही दुसरी लाडकी दंतकथा. ज्यांची नावं ठाऊक आहेत ते गुरू बहुतेक दरबारी: मात्सुमुरा सोकोन राजाचा अंगरक्षक, इतोसू आंको राजाच्या पदरी लेखनिक. नाहाचा हिगाओन्ना कानऱ्यो मात्र थेट फुजिआनमधल्या फुझौला जाऊन शिकून आला.

तुमच्या क्लासमध्ये जे दिसेल त्याचं मूळ मात्र याहून बरंच अलीकडचं आहे. इतोसूने 1901 मध्ये ओकिनावाच्या शाळेत कराटे आणलं आणि मुलांसाठी पिनान हे पाच सोपे काता (एकट्याने करायच्या हालचालींचे ठरलेले क्रम) बसवले. रांगेत उभं राहून आकड्यांवर एकसाथ पंच मारणं ही शाळेची देणगी. त्याआधी गुरूच्या अंगणात दोन-चार शिष्य असत. 1922 मध्ये फुनाकोशी गिचिनने टोकियोत प्रात्यक्षिक दिलं, ज्युदोचे कानो जिगोरो यांनी त्याला कोदोकान या आपल्या ज्युदो शाळेत बोलावलं. पांढरा ड्रेस आणि ब्लॅक बेल्टची पद्धत ज्युदोकडूनच उचललेली. फुनाकोशीने पहिले ब्लॅक बेल्ट दिले 1924 मध्ये. तेव्हा 'हजारो वर्षांचा पट्टा' कुणी सांगितला तर हसून सोडून द्या.

हिकीते:
+1. आता फायद्यांचं.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वापरल्या जातात. बॅडमिंटन किंवा क्रिकेटमध्ये एकच हात राबतो. इथे प्रत्येक पंच, ब्लॉक, किक डावी-उजवी करावी लागते. समोरच्या किकमध्ये (माए-गेरी) गुडघा आधी छातीकडे, मग पाय झटकून सरळ, बोटं मागे ओढलेली, आणि पाय खाली टेकण्याआधी गुडघा परत वर. तेवढा वेळ सगळं वजन एका पायावर. संतुलन आणि कमरेचे स्नायू यातून तयार होतात. हेइआन शोदान या सुरुवातीच्या कात्यात 21 हालचाली आणि बरीच वळणं आहेत. क्रम, दिशा आणि श्वास एकदम सांभाळायचा म्हणजे लक्ष लागतंच.

पण आठवड्याच्या दोन तासांत दम वाढेल असं समजू नका. या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं धावपळ हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मैदान बंद करून कराटे नको.

बिघडतं कुठे? पहिली मूठ. अंगठा आत दाबला तर लागताच तो दुखावतो. अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा, मार पहिल्या दोन सांध्यांवर, मनगट सरळ. करंगळीच्या बाजूने लागलं तर तळहाताचं हाड मोडतं.

दुसरं, झेनकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहण्याचा पवित्रा (स्टान्स). पावलांत लांबी साधारण दोन खांदे, रुंदी एक खांदा. सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायावर. मुलं हमखास दोन्ही पावलं एका रेषेत ठेवतात आणि वळताना डगमगतात. पुढचा गुडघा आत अंगठ्याकडे कोसळत असेल तर आतल्या बाजूला ताण येतो, तो पावलाच्या दिशेतच हवा. मागची टाच उचलली जात असेल तर ओरडून उपयोग नाही, घोटा ताठ आहे. स्टान्स आखूड करा. घामाने पाय फरशीला चिकटून पाऊल वळलं नाही तर पीळ गुडघ्यात जातो, म्हणून फरशी पुसलेली हवी.

हवेत पंच मारताना कोपर शेवटी खाडकन सरळ करायचं नाही. मुठींवर जोर काढणं, विटा-कौलं फोडणं या वयात अजिबात नको. हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात.

माआइ:
वरच्या दोघांनी स्वसंरक्षण सोडलं. नुसत्या कात्याने ते येत नाही. अंतराचा अंदाज समोर हलता माणूस असल्याशिवाय कळत नाही, म्हणून जोडीने सराव हवा: आधी ठरवून एकेक वार, मग मोकळं कुमिते (जोडीदाराशी लढत). स्पर्धेतलं कुमितेही वेगळंच. पंचाला 1 गुण, पोटावरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला 3, आणि फटका आवरायचा असतो. फार छान खेळ आहे, पण रस्त्यावर कुणी मनगट धरलं तर त्याची सुटका वेगळी शिकवावी लागते. ती शिकवतात का, विचारा.

दगडफूल:
आभार! शेवटचं, पट्ट्यांच्या परीक्षांचं काय? आमच्याकडे दीड वर्षात ब्लॅक बेल्ट म्हणतायत.

हिकीते:
ब्लॅक बेल्टच्या आधी साधारण नऊ-दहा क्यु (पायऱ्या) असतात, दोन परीक्षांमध्ये निदान तीन महिने, वरच्या पट्ट्यांना सहा. नियमित केलं तरी चार-पाच वर्षं धरा, लहान मुलांना जास्तच. दीड वर्ष म्हणजे फीचा हिशेब आहे. एक तास बसून क्लास बघा. सर प्रत्येकाचा गुडघा आणि मूठ हाताने सरळ करतायत की नुसते आकडे मोजतायत, तेवढं पाहून ठरवा. कुमितेला दातांचं गार्ड आणि ग्लोव्हज सक्तीचे आहेत का, हेही तिथेच दिसेल.