मराठवाड्यातील वाचनालयांनी स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवावा का?

गोदाकाठ (परभणी)

आमच्या तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचे एका मोठ्या समाजमाध्यमावर पान होते. व्याख्यानमालांची छायाचित्रे, देणगीत आलेल्या मोडी कागदपत्रांचे फोटो, गावातील वृद्धांनी सांगितलेल्या रझाकारांच्या काळातील आठवणी असा अनेक वर्षांचा ऐवज त्यावर जमा झाला होता. पान सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याचे खाते कुणीतरी बळकावले, कंपनीने ते खाते बंद केले आणि त्यासोबत पानही गेले. तक्रार नोंदवली की दर वेळी तेच साचेबंद उत्तर यायचे. ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस कुठेच नव्हता. आठवणी सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत, त्यामुळे हे नुकसान कधीच भरून येणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, जिल्ह्यातील काही वाचनालयांनी आणि एखाद्या महाविद्यालयाने मिळून, वर्गणी काढून, स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर उभा करावा. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखे समाजमाध्यम चालवण्यासाठी २०१६ मध्ये युजेन रोच्को यांनी जर्मनीत सुरू केलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कुणालाही विनामूल्य उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवता येते आणि अ‍ॅक्टिव्हिटीपब या सामाईक नियमावलीमुळे, जी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली, परभणीच्या सर्व्हरवरील खात्याचा मजकूर बर्लिनच्या सर्व्हरवरील वाचकालाही मिळतो. मालक एकच असा कुणी नसतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा आग्रह हाच राहिला आहे की, सॉफ्टवेअर वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याकडे असावे. आपल्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की, आजचा चालक उद्या सोडून गेला तरी त्याच सॉफ्टवेअरवर आणि त्याच साठवणीवर दुसऱ्याला काम पुढे नेता येते.

कंपनीच्या जागेवर बसलेल्यांचे काय होते हे आपण पाहिले आहे. गूगलची दोन समाजमाध्यमे, ऑर्कुट आणि गूगल प्लस, अनुक्रमे ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि एप्रिल २०१९ मध्ये बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला विकले गेल्यावर ट्विटरचे नियम किती वेगाने बदलले ते सर्वांना माहीत आहे. निजामाच्या राजवटीत सभा भरवायलाही परवानगी लागत असे, त्या काळात मराठवाड्यातील माणसांनी लोकवर्गणीतून वाचनालये उभी केली आणि त्यांची दप्तरे स्वतः जपली. तीच वाचनालये आज आपली स्मृती कंपन्यांच्या मर्जीवर सोडून देत आहेत, याचे मला मनापासून दुःख होते.

बालाघाट (अंबाजोगाई)

दुःख योग्य आहे, उपाय मला मान्य नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले तेव्हा भारतातून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले होते. तो ओघ टिकला नाही. आपला वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. ज्याच्या फोनमध्ये सोयाबीनचा भाव, मुलाच्या शाळेची सूचना आणि भावकीतील निरोप एकाच ठिकाणी येतात, तो वाचनालयासाठी वेगळे खाते उघडेल ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही.

त्याहून मोठा प्रश्न देखभालीचा आहे. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातील वाचनालयाला जे सरकारी अनुदान मिळते त्यातून ग्रंथपालाचे मानधनही धड भागत नाही. सर्व्हर रात्री बंद पडला तर उठणार कोण? मॅस्टोडॉन.लोल नावाचा एक मोठा सर्व्हर त्याच्या चालकाने भांडणांना आणि द्वेषाला कंटाळून २०२३ मध्ये बंद केला. आपण म्हणाल, तो एकटा होता. मग युरोपीय संघाचे उदाहरण घ्या. त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये आपल्या संस्थांसाठी ईयू व्हॉइस नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला आणि पुढे तो सांभाळायला कुणी मिळाले नाही म्हणून मे २०२४ मध्ये बंद केला. ज्यांच्याकडे पैसा आणि माणसे दोन्ही आहेत त्यांची ही गत असेल तर आपल्या तालुक्यांची काय कथा? केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजले हे खरे, पण तिथे राज्याने स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. स्वयंसेवकांच्या उत्साहावर ते उभे राहिलेले नाही.

कायद्याचेही पाहा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार लोकांचा मजकूर ठेवणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाला तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करावे लागते. हे बंधन छोट्यांनाही आहे. कुणी आक्षेपार्ह मजकूर टाकला आणि नोटीस आली, तर ती वाचनालयाच्या अध्यक्षांच्या नावाने येईल. आणि सामाईक मालकीचे म्हणाल तर आपल्याकडे सामाईक विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावांत दिवाणी दावे चालतात. सर्व्हर त्याला अपवाद कसा ठरेल?

मोसंबीबाग (जालना)

मी शिक्षिका आहे आणि माझा आक्षेप वेगळा आहे. मॅस्टोडॉनवरील खासगी संदेश पाठवणारा आणि घेणारा या दोन टोकांमध्ये कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) नसतात; सर्व्हर चालवणाऱ्याने मनात आणले तर तो ते वाचू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ती सोय २०१६ पासून सर्वांना आहे. दूरदेशीच्या कंपनीला माझ्या संदेशांत व्यक्ती म्हणून रस नसतो, पण तालुक्याच्या गावातील चालक हा कुणाचा तरी मेहुणा असतो, कुणाच्या तरी संस्थेत नोकरीला असतो, आणि कुणाच्या तरी गटाचा असतो. एखाद्या मुलीने त्रास देणाऱ्याची तक्रार केली आणि त्रास देणारा चालकाच्या भावकीतला निघाला, तर तिने जायचे कुठे? कंपनी ऐकत नाही हे मलाही माहीत आहे. पण ती निदान त्या मुलीच्या वडिलांना फोन करत नाही. विकेंद्रित व्यवस्थेची बाजू मांडताना सत्ता आपल्या गावात आली की ती आपोआप आपली होते, असे गृहीत धरले जाते. गावातील सत्ता बाईला कशी भोगावी लागते, हे त्यात धरलेले नसते.

आणखी एक. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात २०२३ मध्ये जालना आणि बीडमध्ये इंटरनेट बंद ठेवले गेले. अशा वेळी सर्व्हर कुणाचा आहे याने आम्हाला काहीही फरक पडला नसता.

टर्मिनल (नांदेड)

मी महाविद्यालयात असताना मित्रांसोबत छोटा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवत होतो, त्यामुळे कामाचे स्वरूप सांगतो. उभारणी एका दिवसात होते. खरे काम नंतर सुरू होते. आपले लोक ज्यांना फॉलो करतात त्यांची चित्रे दुसऱ्या सर्व्हरांवरून येऊन आपल्या डिस्कवर साठत राहतात. ती ठरावीक काळाने पुसली नाहीत तर डिस्क भरते, डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि सगळेच थांबते. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नये. तो दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहिला तरच त्याला अर्थ आहे. जुलै २०२३ मध्ये मॅस्टोडॉनमध्ये अतिशय गंभीर सुरक्षा त्रुटी सापडली तेव्हा दुरुस्त आवृत्ती लगेच चढवावी लागली होती, आणि त्या आठवड्यात परीक्षा आहे ही सबब तिथे चालत नाही. शिवाय एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना फॉलोअर सोबत येतात, जुना मजकूर मागेच राहतो, हेही वाचनालयांनी आधी समजून घ्यावे.

तरीही माझे मत प्रस्तावाच्या बाजूने आहे, एका बदलासह. सर्वांसाठी नोंदणी खुली ठेवू नये; फक्त संस्थांची खाती द्यावीत. जर्मनीत संघीय माहितीसंरक्षण आयुक्तांनी २०२० पासून सरकारी संस्थांसाठी असाच सर्व्हर चालवला आहे. दहा-वीस खात्यांना मॅस्टोडॉनही जड वाटले तर गोटूसोशल नावाचे बरेच हलके मुक्त सॉफ्टवेअर आहे, जे जुन्या लहानशा मशीनवरही चालते.

गोदाकाठ (परभणी)

मोसंबीबाग यांचा आक्षेप मला या चर्चेतील सर्वांत वजनदार वाटतो आणि टर्मिनल यांनी सुचवलेल्या बदलात त्याचे बरेचसे उत्तर आहे. व्यक्तींची खाती नसतील तर कुणाचा खासगी संदेश चालकाच्या हाती लागण्याचा प्रश्न राहत नाही आणि कायद्याचा भारही पुष्कळ हलका होतो. मला मुळात माणसांच्या गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवरून हलवायच्या नाहीत. संस्थेचा ऐवज संस्थेच्या ताब्यात हवा आहे. वाचकाला खाते उघडण्याची गरज नाही. मॅस्टोडॉनवरील जाहीर नोंद साध्या ब्राउझरमध्ये दिसते, प्रत्येक जाहीर खात्याची आरएसएस धार (नव्या नोंदी आपोआप मिळवण्याची सोय) मिळते, आणि तोच दुवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की बालाघाट यांचा वाचकही तिथपर्यंत पोहोचतो. ग्रुप बुडाला, फोन बदलला, तरी मूळ नोंद जागेवर राहते.

इथे मोठ्या कंपन्यांच्या सोयींवर विसंबण्याचा धोकाही सांगितला पाहिजे. मेटा कंपनीच्या थ्रेड्स या समाजमाध्यमाने अ‍ॅक्टिव्हिटीपबला जोडून घेतले आहे, म्हणून वेगळा सर्व्हर कशाला, असे काही जण मला खासगीत विचारतात. गूगल टॉक ही संदेशसेवाही एकेकाळी एक्सएमपीपी या खुल्या नियमावलीने इतरांशी जोडलेली होती. २०१३ मध्ये हँगआउट्स ही नवी सेवा आणताना गूगलने तो मार्ग सोडला आणि दुसऱ्या बाजूचे लोक तुटत गेले. जोडणी त्यांच्या इच्छेवर असेल तर तोडणीही त्यांच्याच इच्छेवर असते.

सामाईक विहिरीचे म्हणाल, तर दावे चालतात म्हणून कुणी विहीर बुजवत नाही. पाळी कागदावर लिहून घेतात आणि मोटार चालू ठेवतात.

बालाघाट (अंबाजोगाई)

पाळी लिहून घ्यायची असेल तर तिचा मसुदा तयारच आहे. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला काही वचने द्यावी लागतात: रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाती घेऊ शकेल अशी आणखी किमान एक व्यक्ती, द्वेषपूर्ण मजकुरावर प्रत्यक्ष कारवाई, आणि बंद करायचे झाल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना. या चारही गोष्टी संस्थांच्या ठरावात याव्यात. त्यात माझ्या दोन अटी जोडाव्यात. दोन्ही चालक वेगवेगळ्या गावांचे असावेत आणि त्यातील एक बाई असावी. तसेच संपूर्ण साठवणीची प्रत दर सहा महिन्यांनी सर्व्हरशी संबंध नसलेल्या तिसऱ्या संस्थेकडे जावी. चालकांना मानधन दिल्याशिवाय हे टिकणार नाही, हे माझे मत कायम आहे आणि वर्गणीचा पहिला खर्च तोच धरावा. ही दोन माणसे ठरली तर आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे पहिल्या वर्षाच्या वर्गणीचा ठराव मी स्वतः मांडेन. ती ठरेपर्यंत माझा विरोध नोंदवलेला राहू द्या.