'शिवणे' आणि 'स्पर्श करणे'

कोशात 'शिवणे'चा अर्थ 'स्पर्श करणे' असा मिळतो. पण एकाच्या जागी दुसरा घालून पाहा. 'भीती त्याला कधी शिवलीच नाही' हे सहज मराठी; 'भीतीने त्याला कधी स्पर्श केला नाही' हे ओढूनताणून आणलेले. उलट पत्र मनाला स्पर्शून जाते, शिवून जात नाही.

कपडे शिवण्याचा धातू निराळा, तो संस्कृत 'सिव्'वरून आला. स्पर्शाचा 'शिवणे' प्राकृत 'छिव'शी जुळतो. हेमचंद्राच्या १२व्या शतकातल्या प्राकृत व्याकरणात 'स्पृश्'च्या जागी येणाऱ्या धातूंत 'छिव' आहे. आज रूप एकच असले तरी भूतकाळात दोघे वेगळे होतात: 'तिने झबले शिवले', पण 'ती मला शिवली'. इथे लहान मूलसुद्धा चुकत नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. (हद्द या अर्थाची 'शीव' मात्र 'सीमा'वरून आली.)

माझ्या मते शिवण्यात एकाचे काहीतरी दुसऱ्याला लागते. शिवाशिवीच्या खेळात बोट टेकले तरी राज्य येते. सोवळ्यातला माणूस 'शिवू नका' म्हणतो, कारण ओवळेपण लागते. 'हात लावू नका' म्हणताना बहुधा वस्तू जपायची असते, 'शिवू नका' म्हणताना स्वतःला.

याच धातूतून 'शिवाशिव' आला आणि माणसाने माणसाचा विटाळ मानण्याला नाव मिळाले. राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या संस्कृत शब्दात ती एक संकल्पना वाटते. 'शिवू नकोस' या दोन शब्दांत ती समोरच्याच्या तोंडावर फेकलेली असते. पाळी आलेल्या बाईबद्दल 'कावळा शिवला' म्हणत तेही त्याच विटाळातून. हा वाक्प्रचार मागे पडत चालला आहे, ते चांगलेच आहे.

विटाळाची ही छटा साध्या वापरातही उरली आहे असे मला वाटते. आळस, गर्व, मोह, शंका यांच्याबरोबर 'शिवणे' येते, आणि बहुतेक वेळा नकारातच: 'गर्व त्यांना शिवला नाही', म्हणजे त्याचा डाग लागला नाही. 'आनंद त्यांना शिवला नाही' माझ्या कानाला खटकते. चांगली गोष्ट शिवल्याचा प्रयोग कोणाच्या बोलीत असेल तर जरूर सांगा.