मदत हवी आहे: बीपीची गोळी, शनिवारची बैठक आणि आमचे बाबा

रामबागची_लेक, इंदूर

नमस्कार मंडळी. मी इथे लिहितेय हे बाबांना माहीत नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे. बीपी बारा वर्षांपासून. रात्री जेवणानंतर टेल्मिसार्टन-अॅम्लोडिपिनची एक गोळी. दर शनिवारी जुन्या दोस्तांची बैठक. पूर्वी अहात्यात, म्हणजे दारूच्या दुकानालगतच्या बसून प्यायच्या जागेत, बसायचे. २०२३ च्या एप्रिलपासून मध्य प्रदेशात अहाते बंद झाले आणि बैठक आमच्या गच्चीवर आली. आई म्हणते, सरकारने दारू बंद नाही केली, माझ्या घरी पाठवली.

अडचण अशी की शनिवारी बाबा गोळीच घेत नाहीत. कुणा दोस्ताने सांगितलंय की दारू आणि गोळी 'लढतात'. वर त्यांच्याकडे पुरावा आहे: शनिवारी रात्री मशीनवर ११८/७४! "बघ, गोळीपेक्षा हीच बरी." रविवारी अकराला मी हट्टाने लावलं, तर १६२/९८. म्हणाले, मशीन बिघडलंय.

"दोनच पेग" हेही ऐकून घ्या. परवा त्यांच्याच ग्लासात त्यांच्याकडून दोन बोटं पाणी ओतवून घेतलं आणि मुलाच्या तापाच्या औषधाच्या झाकणाने मोजलं. ९० मिली भरलं. सोबत लौंग सेव, खारे दाणे, कांदा, त्यावर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी चटपटा मसाला.

गोळी सोडणं बरोबर आहे का? आणि भांडण न करता सांगायचं कसं?

औषधवाला_ग्वाल्हेर

ताई, दुकानावर बसून बावीस वर्षं झाली. होळी आणि ३१ डिसेंबरला हा प्रश्न ठरलेला: "आज गोळी नको ना?" आपल्या मनाने गोळी सोडायची नाही. त्या रात्री दारू तर आहेच, वर औषधही नाही.

मशीन ठीक आहे. जास्त प्यायल्यावर आधी रक्तवाहिन्या सैल पडतात, काही तास बीपी उतरतं. बारा-तेरा तासांनी ते उलट चढतं. तुमची अकराची वेळ अगदी बरोबर पकडलीत. शनिवारी रात्री खालचा तिसरा आकडा बघा, नाडीचा. तो बहुधा वाढलेला दिसेल.

आणि ९० चे दोन म्हणजे १८०. अख्खा क्वार्टर! साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. बाबांना हे 'क्वार्टर' म्हणूनच सांगा, 'पेग' म्हणू नका.

गोळी आणि दारू लढत नाहीत, उलट एका बाजूने ओढतात. मग एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मला बीपीपेक्षा तुमच्या गच्चीच्या जिन्याची जास्त काळजी वाटते. गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. खरं किती पितात तेही सांगा. लोक तिथे "कधीतरी" म्हणतात.

वडोदेकर

रेड वाइन घ्यायला सांगा की. हृदयाला चांगली असते म्हणतात.

औषधवाला_ग्वाल्हेर

दादा, तुम्ही गुजरातच्या दारूबंदीत बसून वाइन सुचवताय! बाटली कुठलीही असो, बीपी अल्कोहोलनेच वाढतं. बिअरचंही तेच. आठ टक्क्यांची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे साठ-साठ मिलीचे दोन मोठे पेग.

सुटलो_एकदाचा

मी रोजचा होतो. एक गोष्ट नीट विचारून घ्या: बाबा खरंच शनिवारचेच आहेत ना? रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केलं तर हात थरथरतात, घाम फुटतो, बीपी भडकतं, फिटचे झटकेही येऊ शकतात. मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली.

सेवेकडेही बघा. पाकिटावर सोडियम किती मिलिग्रॅम ते वाचून अडीचने गुणा, मीठ निघतं. दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं. खारं खाल्लं की तहान, तहानेला पुन्हा ग्लास. आणि रविवारी डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन देऊ नका, त्यानेही बीपी चढतं.

रामबागची_लेक, इंदूर

सगळ्यांचे आभार. शनिवारचेच आहेत, आईने शपथेवर सांगितलं.

डॉक्टरांकडे नेलं. गोळी सकाळी केली. ते म्हणाले, दारू बंद केलीत तर उत्तम, नाही जमलं तर साठ मिलीच्या वर एक थेंब नको. बाबा तिथे गप्प. घरी आल्यावर, "मोजून पितो तो वाणी." पण 'क्वार्टर' शब्द लागला असावा. या शनिवारी मापाचं झाकण स्वतःच मागून घेतलं, दोस्तांनी चेष्टा केली तरी. बैठकही खाली ओट्यावर आणली. रविवारी अकराला, पाच मिनिटं शांत बसवून, १४६/८८. मशीन आता बिघडलेलं नाही म्हणे.

सेव मात्र सुटत नाही. इंदुरात कमी मिठाची सेव कुणी घाणा काढून देतं का? हसू नका, खरंच विचारतेय.