‘बहांधरी’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : गायकवाडांच्या बडोद्याविषयी वाचताना, पोतदारांच्या (दरबाराच्या सावकारांच्या) कर्जाला कंपनी सरकारची ‘बहांधरी’ होती असा उल्लेख येतो. याचा अर्थ साधी जामीनकी असा घ्यावा काय?

उत्तर : जामीनकी हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गुजरातीत ‘बांहेधरी’ हा शब्द हमी या अर्थाने आजही चालतो, आणि बाहू धरून पाठीशी उभे राहण्याची कल्पना त्यात उघड दिसते. सामान्य व्यवहारात कुळाची ऐपत पाहून जामीन घेतात. येथे कर्जदार खुद्द राजा असल्यामुळे त्याने शब्द फिरवल्यास त्याला अडवणार कोण, ही सावकाराची खरी विवंचना होती. हरिभक्ती किंवा गोपाळराव मैराळ यांच्यासारख्या पेढ्या पुढच्या वसुलाच्या भरवशावर दरबाराला रकमा उचलून देत. अशा व्यवहारांना पूर्वी अरब शिबंदीच्या (भाडोत्री फौजेच्या) जमादारांची बहांधरी असे, कारण शहरात शस्त्राचा धाक त्यांचाच होता. १८०२ मध्ये त्या अरबांचा थकलेला पगार चुकवून त्यांना काढून टाकण्यासाठी कंपनीने आणि सावकारांनी पैसा उभा केला, तेव्हा अरबांच्या हम्यांचे ओझे कंपनीने स्वतःकडे घेतले.

सावकारांना ही अदलाबदल प्रथम सोयीची वाटली असणार. परंतु दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत देणी रखडली, तेव्हा सावकारांचे कर्ज हेच कंपनीच्या हस्तक्षेपाचे कारण ठरले आणि १८२८ मध्ये तिने काही महाल (वसुलाचे परगणे) जप्त केले. १८३२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर बडोद्यास आले, महाराजांनी सावकारांशी परस्पर निकाल लावला, आणि मगच महाल परत मिळाले.

पुरवणी : बहांधरी केवळ पैशाची नसे, माणसाचा जीव, मालमत्ता आणि हुद्दा यांसाठीही ती दिली जाई. गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यास गेले होते. १८१५ मध्ये पंढरपुरास त्यांचा खून झाल्यावर कंपनीने पेशवे दुसरे बाजीराव यांच्याकडे, खुनाचा आरोप असलेले त्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांची मागणी केली, ती याच हमीच्या जोरावर. ‘मनोती’शी मात्र हिची गल्लत करू नये. मनोतीदार सावकार इजारदाराच्या (वसुलाचा मक्ता घेणाऱ्याच्या) वतीने सरकारात भरण्याची हमी स्वतः देतो. बहांधरीत तो ती घेणारा असतो.